पित्त झालंय तिला

माझ्या जावयांबद्दल मेलबर्नच्या मराठी मंडळींत जे बोललं जातं ते खरं नाही. "बापाच्या हौसेपायी पोरगी हातची गेली," असं म्हणतात. पोरगी, म्हणजे माझी नात, कुठे गेलेली नाही. ती या क्षणी शेजारच्या खोलीत पडदे ओढून बसली आहे. बापाला हौस नव्हती असंही मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी डोक्याला मार लागलेला असताना तिला उतारावर जाऊ दिलं ते त्यांनी नाही, मी. घरात हे सांगितलं ते अगदी अलीकडे. बाहेरचे मात्र अजून बोलतच आहेत, म्हणून लिहितो.

बायको गेल्यावर मी मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीला मुलीकडे राहायला आलो तेव्हा नात प्राथमिक शाळेत होती. तिला शाळेत सोडणं, आणणं, ती आली की पोहे किंवा शिरा करून देणं ही माझी कामं. पुढे शाळेच्या सहलीबरोबर ती बर्फात गेली आणि परत आली ती वेगळीच होऊन. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर उशी टाकायची आणि त्यावर आडवी उभी राहून गुडघे वाकवत बसायची. आमच्या आजूबाजूची मुलं शनिवारी गणिताच्या शिकवणीला जात. आमची नात शनिवारी डोंगरावर. एका बाईंनी माझ्या लेकीला विचारलं होतं, "बर्फावर घसरून कुठल्या युनिला अ‍ॅडमिशन मिळते गं?" लेक हसली होती. घरी येऊन जावयांवर चिडली होती.

जावई मूळचे सोलापूरचे. बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकतात तो, एवढीच त्यांची ओळख. पण लेकीसाठी त्यांनी बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधायला शिकून घेतलं. हिवाळ्यात दर शनिवारी अंधारातच निघायचं. त्यांना झोप लागू नये म्हणून शेजारी कोणी बसायला हवं, म्हणून मी. मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, मागे नात तोंड उघडं टाकून झोपलेली. ते मला म्हणायचे, "बाबा, बोला काहीतरी. काहीही बोला." मी भोसरीच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायचो. तिथे मी तपासणी खात्यात होतो. केसाएवढी चीर दिसली तरी अख्खा तुकडा बाजूला काढायचो.

तिचा खेळ स्नोबोर्डवरचा, स्लोपस्टाइल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लांब उतार. वरच्या भागात लोखंडी नळ्या आणि कठडे उभे केलेले, त्यांच्यावरून बोर्ड आडवा घालून घसरत यायचं. खालच्या भागात बर्फाचे मोठाले उंचवटे, त्यांवरून हवेत उडायचं, गिरक्या घ्यायच्या आणि पुढच्या उतारावर उतरायचं. काय केलं, किती उंच केलं, किती सफाईने केलं यावर परीक्षक गुण देतात. दोन फेऱ्या. जी चांगली होईल ती धरायची.

मी हा खेळ शिकलो तो तिच्या मोबाइलवर. घरी आली की चित्रफीत लावायची आणि म्हणायची, "आजोबा, लँडिंग बघ." मी हळू करून बघायचो. "टाच आधी टेकली तुझी. म्हणून मागे बसलीस." दुसऱ्या आठवड्यात येऊन सांगायची, "कोचसुद्धा सेम म्हणाला." हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवायचो. बाकी त्या घरात मला कोणी काही विचारत नसे. गॅस बंद केला का, एवढंच.

ती सतरा वर्षांची असताना मुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली आणि ती स्पर्धा त्या वर्षी इथेच, व्हिक्टोरियातल्या डोंगरावर होती. लेकीला रजा मिळाली नाही. ती अंतिम फेरीच्या सकाळी येणार होती. आम्ही तिघं आधी गेलो. मी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं होतं. कुठे दिसेल त्याची लिंकही पाठवली होती. ज्यांनी आयुष्यभर माझ्याशी पार्किंगवरून वाद घातले ते आता अंगठे आणि हार पाठवत होते.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी सराव होता. आकाश स्वच्छ, बर्फ मात्र फरशीसारखा कडक. जावई कामावर ऑन-कॉल होते. त्यांचा फोन वाजला.

"बाबा, प्रॉडक्शनमध्ये काहीतरी अडकलंय. लॅपटॉप पार्किंगमध्ये गाडीत आहे. जरा बघाल हिच्याकडे?"

"जा हो तुम्ही. मी आहे की."

मी खालच्या कुंपणापाशी उभा राहिलो. प्रशिक्षक वर होते, इतर मुलींबरोबर. शेवटच्या उंचवट्यामागचा भाग वरून दिसत नाही, खालून दिसतो. ती आली, उडाली आणि कमी पडली. उतारावर उतरायच्या ऐवजी अलीकडच्या सपाट कडेवर आपटली, मागच्या मागे. आधी पाठ, मग डोकं. तो आवाज मला कुंपणापर्यंत आला. ती तशीच पडून राहिली. मी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभा होतो. मग तिने हात वर केला, उठली आणि घसरत माझ्यापाशी आली.

"आजोबा, मी पडले का?"

"पडलीस. डोकं आपटलं तुझं."

"किती वेळ पडले होते?"

"फार नाही."

"हेल्मेट आहे ना. आय अ‍ॅम गुड." ती वाकून बोर्डचा पट्टा सोडवायला लागली. पट्टा सुटेना. मान वर करून तिने विचारलं, "आजोबा, किती वेळ पडले होते मी?"

मी पुन्हा तेच उत्तर दिलं. कॅफेत गरम चॉकलेट घेताना तिने तिसऱ्यांदा तेच विचारलं, तोच चेहरा करून. 

मग तीच म्हणाली, "तू कोचला सांगणार नाहीस ना? डोकं म्हटलं की मला काढतील. नो क्वेश्चन."

"बाबाला तरी सांगू या."

"बाबाला तर नाहीच. तो आईला सांगेल आणि आई गाडीत बसून थेट घरी नेईल. प्लीज, आजोबा. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं. तिने मागितलं म्हणून केलं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. तिने मागितलं नसतं तरी मी गप्पच बसलो असतो. दुसऱ्या दिवशी सोसायटीतले सगळे बघणार होते.

संध्याकाळी भाड्याच्या घरात ती जेवणावरून उठली आणि बाथरूममध्ये जाऊन ओकली. मी मागे गेलो, पाठीवरून हात फिरवला. तिला दिवा सहन होईना, म्हणून दिवा मालवला. जावई दाराशी आले. "काय झालं हो?"

"पित्त झालंय तिला," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघालं. आमच्या घरात डोकं दुखलं तर पित्त, उलटी झाली तर पित्त, उजेड नकोसा झाला तर नक्कीच पित्त. माझी बायको जन्मभर पित्ताने आडवी व्हायची, माझी आई व्हायची. माझ्या बॅगेत सूतशेखरच्या गोळ्या आणि कोकम नेहमी असतं. मराठी घरात पित्त म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. जावयांनीही विचारला नाही. "अहो, उपाशीपोटी उन्हात असते दिवसभर," एवढं म्हणून ते कोकमात साखर ढवळायला गेले. मी तिला गोळी दिली. गोळी देताना मला माहीत होतं की हे पित्त नाही.

सकाळी ती स्वयंपाकघरात काळा चष्मा लावून बसली होती. आम्ही डोंगरावर पोचलो तेव्हा संघाच्या फिजिओबाई त्यांच्या तंबूसमोर भेटल्या. तिचा पडलेला चेहरा पाहून त्यांनी जावयांना बाजूला घेतलं आणि विचारलं, कालपरवात डोक्याला काही लागलं होतं का? जावयांनी वळून मला मराठीत विचारलं, "बाबा, काल सरावात पडली-बिडली नव्हती ना? डोक्याला वगैरे?"

बाई आमच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. त्या क्षणी तिथे खरं काय ते माहीत असलेले दोघंच, मी आणि दहा पावलांवर उभी असलेली नात. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बोर्डावरचा बर्फ झटकत राहिली.

"नाही हो. पित्तच ते," मी म्हणालो.

जावयांनी बाईंना इंग्रजीत सांगितलं, "नो, जस्ट अ‍ॅसिडिटी. फॅमिलीत आहे आमच्या."

लेक वेळेवर पोचली. गाडी लावून धावत आली, तिच्या हातात गाजराच्या हलव्याचा डबा होता. आम्ही तिघं कुंपणाला टेकून उभे राहिलो. पहिल्या फेरीत नातीने नळ्यांचा भाग बरा केला, जरा हळू. पहिल्या उंचवट्यावर ती सरळ उडाली आणि सरळ उतरली. एकही गिरकी नाही. दुसऱ्यावरही तसंच. लेकीने टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं असेल की असंच करायचं असतं. जावई म्हणाले, "नर्व्हस झाली वाटतं."

ती नर्व्हस झाली नव्हती. काय करायचं ते तिला आठवलं नव्हतं. तिने पाठ केलेला हा क्रम मी शेकडो वेळा बघितला होता. पहिल्यावर काय, दुसऱ्यावर काय, मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

दुसऱ्या फेरीला अवकाश होता. मी लेकीला म्हणालो, जरा पाय मोकळे करून येतो, आणि फिजिओबाईंच्या तंबूकडे चालायला लागलो. सांगायचं असं ठरवूनच निघालो होतो. वाक्य इंग्रजीत जुळवत होतो. बर्फात पाय रुतत होते, धाप लागत होती. तंबूशी पोचलो. बाईंच्या हातात कुणाचा तरी गुडघा होता. त्यांनी मान वर केली आणि काही हवंय का अशा अर्थाने हसून विचारलं, "यू राइट देअर, मेट?"

"नो वरीज," मी म्हणालो.

आणि परत आलो. याला मी काय कारण देऊ? त्या बाई कामात होत्या, हे कारण नाही. आत्ता सांगितलं तर काल का नाही सांगितलं, असं सगळे विचारतील, हे मनात आलं. तेवढंच आलं. नातीचा विचार त्या क्षणी मनात नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या फेरीत ती शेवटच्या उंचवट्यावर पोचली तेव्हा बोर्ड नीट सरळही नव्हता. हवेतच तिचं अंग सैल पडलेलं मला दिसलं. ती वाईट पडली. कशी, ते मी लिहीत नाही. स्पीकरवरचं गाणं मध्येच बंद केलं. लेक कुंपणावरून चढायला लागली, जावयांनी तिला धरलं, तिने त्यांच्या हाताला चावा घेतला. माझ्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपचे संदेश टुणटुणत होते. उठली का, उठली का.

हेलिकॉप्टरने तिला मेलबर्नला नेलं. इस्पितळात तिच्या मेंदूवरची सूज उतरायची वाट बघत आम्ही बसलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका छोट्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, एका पडण्याने एवढं सहसा होत नाही. आधी, एकदोन दिवसांत, डोक्याला मार बसला होता का?

लेकीने जावयांकडे पाहिलं. "तू होतास तिथे."

"फिजिओनी सकाळी मला विचारलं होतं," जावई म्हणाले. "मी नाही म्हणालो."

"कशावरून नाही म्हणालास? होतास का तू सरावाला?"

"मी कॉलवर होतो. मी बाबांना विचारलं ना. बाबा म्हणाले, नाही पडली."

तिघांचे डोळे माझ्याकडे. मी म्हणालो, "मला असं काही विचारल्याचं आठवत नाही."

लेकीचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तिला माझी शंका आलीच नाही. तिला फक्त एवढंच दिसलं की हा माणूस स्वतःची चूक माझ्या म्हाताऱ्या बापावर ढकलतोय.  सासऱ्याला तोंडावर खोटं पाडायचं नाही, अशा घरात जावई वाढले होते. "असेल," ते म्हणाले. "मीच नीट विचारलं नसेन."

नात जगली. चालते, डावा पाय ओढत. वाचता येत नाही, ओळी हलतात म्हणते. काल कोण आलं होतं ते आज तिला आठवेलच असं नाही. आणि त्या डोंगरावरचे दोन दिवस तर पुसूनच गेले आहेत. पडलेलं आठवत नाही, मला प्रॉमिस करायला लावलेलं आठवत नाही. म्हणजे साक्षीदार मी एकटा. ती आईला विचारायची, "बाबाने मला का जाऊ दिलं?" आणि आई उत्तर द्यायची नाही. त्या उत्तर न देण्यातूनच नात काय ते समजली. जावयांनी जवळ घेतलं की अंग आक्रसून घ्यायची. दोघं नवराबायको आधी एका घरात न बोलता राहिले, मग जावई वेरिबीला एका फ्लॅटमध्ये गेले. दर रविवारी येत, नातीला व्यायामाच्या केंद्रात न्यायला. ती त्यांच्या गाडीत बसायला तयार नसे. ते दारात गाडी चालू ठेवून थांबत, मग लेक तिला स्वतःच्या गाडीत घालून नेई आणि ते मागून रिकामी गाडी घेऊन जात.

मंडळाच्या गणपतीत मी मोदक खात असताना माझ्यामागे दोघी बोलत होत्या. "बिचाऱ्या आजोबांवर घालत होता म्हणे सगळं." "अगं, पुरुष असेच." मी मोदक संपवला.

यंदा जावई एका सकाळी एकटेच आले. लेक कामावर होती. पर्थला बदली घेतोय म्हणाले. "इथे राहून तिला त्रासच होतो माझा. दर रविवारी घाबरते ती." आणि निघण्याआधी ते वाकले, माझ्या पायांशी. नेहमीसारखा नमस्कार. त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. मी ठेवला नाही.

"पाया पडू नका माझ्या," मी म्हणालो. "तुम्ही मला विचारलं होतं. तंबूसमोर."

ते सरळ झाले. "मला माहीत आहे, बाबा. विसरला असाल तुम्ही. वय झालंय, असं म्हणून मी सोडून दिलं."

"विसरलो नव्हतो. आणि ती पडली होती. मी पाहिलं होतं."

ते बुटांच्या फळीवर बसले.  मग एकेक विचारत गेले. डोक्यावर पडली? बेशुद्ध होती? उलटी त्याच्यामुळे? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "मी कोकमात साखर ढवळत होतो हो." आणि मग, "मला सांगून काय उपयोग. आत जाऊन तिला सांगा."

मी तिच्या खोलीत गेलो. अंधारात तिच्या पलंगाच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हल्ली ती सावकाश बोलते, शब्द शोधत. "म्हणजे बाबाला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी सांगितलं तुला, डोन्ट टेल?"

"तू सांगितलंस. पण तुझं डोकं आपटलेलं होतं, बाळा. माझं नाही."

"सो इट वॉज मी," ती म्हणाली. तिने उशी तोंडावर घेतली. मी नाही नाही म्हणत राहिलो. ती ऐकत नव्हती. बापावरचा दोष उतरवायला गेलो तो तिच्या उरावर नेऊन ठेवला, आणि हे मला आधी सुचलंही नव्हतं.

लेकीला संध्याकाळी सांगितलं, प्रॉमिससकट. ती ओट्याशी उभी होती. ऐकून झाल्यावर तिने गॅस बंद केला, चावी घेतली आणि वेरिबीला गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते, औषधं काढून ठेवते. जावयांनी पर्थ रद्द केलं आहे, पण राहतात अजून वेरिबीलाच. तुटलेलं इतकं पटकन सांधत नाही आणि सांधेल असं मला कोणी सांगितलेलंही नाही.

त्या रविवारी नात स्वतःहून बापाच्या गाडीत बसली. पुढच्या रविवारी ते आले तर ती पुन्हा दाराआड उभी राहिली, अंग चोरून. "आय डोन्ट वॉन्ट टु गो विथ हिम." मी सांगितलेलं तिच्या डोक्यातून निघून गेलं होतं. राहिली होती ती फक्त जुनी भीती. जावई पायरीवर थांबले होते. लेक माझ्याकडे बघत होती, कित्येक दिवसांनी पहिल्यांदा.

मी तिच्याजवळ गेलो आणि पहिल्यापासून सांगितलं. सराव, कडक बर्फ, कुंपण, पित्त, तंबू. फक्त एक गाळलं. तिने मागितलेलं प्रॉमिस. मी म्हटलं, मी पाहिलं आणि मी लपवलं. तिने पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि माझा हात झटकून, पाय ओढत बापाच्या गाडीकडे गेली.

आता दर रविवारी असंच होतं. कधी तिला थोडं आठवत असतं, बहुतेक वेळा काहीच नाही. गाडीचा आवाज आला की मी दारात जाऊन उभा राहतो. जावई पायरीवर थांबतात आणि ऐकतात. लेकही ऐकते. मी प्रॉमिस गाळतो, हे तिघांपैकी दोघांना माहीत आहे, ते मला टोकत नाहीत. नात दर वेळी नव्याने माझ्यापासून मागे सरकते आणि बापाचा हात धरते.